दोन शहरांमधले हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ: हिशेब कोणत्या क्रमाने करावा

मुंबईहून लंडनला विमानाने किती वेळ लागतो, असे विचारले की एकाच घरात तीन उत्तरे मिळतात. तिकिटावरच्या वेळा वजा करणारा पाच तास म्हणतो, अंतराला वेगाने भागणारा आठ तास म्हणतो आणि नुकताच जाऊन आलेला दहा तास म्हणतो. आकडेमोड तिघांचीही बरोबर असू शकते. घोटाळा होतो तो हवाई अंतर, हवेतला वेळ, दारापासून दारापर्यंतचा (म्हणजे एका विमानतळाच्या गेटपासून दुसऱ्याच्या गेटपर्यंतचा) वेळ आणि घड्याळातला फरक या चार वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्यामुळे. पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत, कारण प्रत्येक टप्प्याचे उत्तर पुढच्या टप्प्याला लागते. मुख्य उदाहरण मुंबई–लंडन हे घेतले आहे आणि जवळच्या अंतरासाठी मुंबई–दिल्ली.

## टप्पा १: आकडा कशासाठी हवा आहे, ते आधी ठरवा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि मग बरोबर काढलेला आकडा चुकीच्या जागी वापरतात. नुकसानभरपाईचे उदाहरण घेऊ. युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमात भरपाईची रक्कम अंतरावरून ठरते. १,५०० आणि ३,५०० किलोमीटर या तिच्या मुख्य सीमा आहेत आणि हे अंतर पृथ्वीच्या गोलावरील सर्वांत जवळच्या रेषेने मोजायचे, असे नियमातच लिहिले आहे. विमान प्रत्यक्षात किती वळसा घालून गेले याला तिथे किंमत नाही.

भारतात मात्र नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमात, वेळेत न कळवता उड्डाण रद्द केल्यास द्यायची भरपाई अंतरावर नव्हे, तर ब्लॉक टाइमवर, म्हणजे विमान जागेवरून हलल्यापासून पोहोचून जागेवर थांबेपर्यंतच्या वेळेवर ठरते. एक तासापर्यंत, एक ते दोन तास आणि दोन तासांहून जास्त अशा तीन पायऱ्या आहेत. त्यांची कमाल रक्कम अनुक्रमे ५,०००, ७,५०० आणि १०,००० रुपये आहे, आणि मूळ भाडे अधिक इंधन आकार याहून कमी भरत असेल तर तेवढेच मिळते. मुंबई–दिल्ली विमान हवेत साधारण पावणेदोन तास असते, पण त्याचा ब्लॉक टाइम दोन तासांच्या वर जातो. हवेतला वेळ धरून दावा करणारा प्रवासी स्वतःहून खालच्या पायरीवर जाऊन बसतो.

औषधांच्या वेळा, लहान मुलांचे खाणे किंवा इन्सुलिनचा डोस यांसाठी अंतर उपयोगाचे नाही आणि घड्याळातला फरकही नाही. तिथे दारापासून दारापर्यंतचा खरा वेळ लागतो. विमान कंपन्यांच्या पॉइंट योजनांत अनेकदा मैल मोजतात, त्यामुळे तिथे एकक तपासावे लागते. कागदावर सर्वांत वर आपल्याला यांपैकी काय हवे आहे, ते लिहून ठेवा.

## टप्पा २: शहर सोडा, विमानतळ धरा

अंतर विमानतळापासून विमानतळापर्यंत मोजतात. लंडनला हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन असे अनेक विमानतळ आहेत. आपल्याकडेही मुंबईच्या जोडीला आता नवी मुंबईचा विमानतळ आहे आणि गोव्यात दाबोळीच्या बरोबरीने २०२३ पासून मोपाहूनही विमाने सुटतात. मुंबईहून दाबोळी सुमारे ४२५ किलोमीटरवर आहे आणि मोपा त्याहून पस्तीस-चाळीस किलोमीटरने जवळ आहे. हवेत या फरकाचे काही मिनिटे होतात. जमिनीवर मात्र सावंतवाडीला जाणाऱ्याने दाबोळी आणि मडगावला जाणाऱ्याने मोपा निवडला, तर वाचलेल्या मिनिटांच्या कितीतरी पट वेळ रस्त्यात जातो.

तिकिटावरचा तीन अक्षरी संकेत पाहून विमानतळ निश्चित करा. मुंबईचा बीओएम, हीथ्रोचा एलएचआर, दाबोळीचा जीओआय आणि मोपाचा जीओएक्स. शेवटच्या दोहोंत एकाच अक्षराचा फरक आहे, म्हणून ते दोनदा वाचावेत.

इशारा: रेल्वेचे किंवा रस्त्याचे अंतर हवाई अंतर म्हणून वापरू नका. मुंबई सेंट्रल ते नवी दिल्ली हे राजधानी एक्सप्रेसचे अंतर १,३८४ किलोमीटर आहे, तर हवाई अंतर १,१३७ किलोमीटरच्या आसपास. नागपूरच्या बाबतीत तर एकट्या समृद्धी महामार्गाची ७०१ किलोमीटर लांबीच मुंबई–नागपूर या संपूर्ण हवाई अंतराहून अधिक भरते.

## टप्पा ३: अक्षांश-रेखांश एकाच पद्धतीने उतरवा

दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश दशांश अंशांत लिहा. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४६ पश्चिम. इथे तीन चुका वारंवार होतात.

पहिली चूक अंश-मिनिटांची. १९ अंश ५ मिनिटे म्हणजे १९.०५ नव्हे. मिनिटांना ६० ने भागायचे असते, म्हणून ते १९.०८३ होतात. दुसरी चूक चिन्हाची. पश्चिम रेखांश आणि दक्षिण अक्षांश उणे धरायचे. हीथ्रो ग्रीनिचच्या किंचित पश्चिमेला असल्यामुळे रेखांशातला फरक ७२.८७ अधिक ०.४६, म्हणजे ७३.३३ अंश येतो. इथे चिन्ह विसरले तरी एका अंशाहून कमीच चूक होईल, पण मुंबई–न्यूयॉर्कच्या हिशेबात तीच विसर उत्तर पार निकामी करते. तिसरी चूक संगणकावरच्या तक्त्यात होते. तिथली साइन-कोसाइनची सूत्रे कोन रेडियनमध्ये (कोन मोजण्याच्या दुसऱ्या एककात) मागतात, तेव्हा अंश आधी रेडियनमध्ये बदलून घ्यावे लागतात. हातातल्या कॅल्क्युलेटरवर मात्र अंशांचाच पर्याय निवडलेला असावा.

पडताळणी: ३० अंशांचा साइन काढून पाहा. उत्तर ०.५ आले तरच पुढे जा.

## टप्पा ४: सर्वांत जवळचे अंतर काढा

पृथ्वी गोल असल्यामुळे दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवून मिळत नाही. त्यासाठी पुढील क्रमाने जावे:

१. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा: ०.३२७१ × ०.७८२३ = ०.२५५९.

२. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशातल्या फरकाचा कोसाइन, या तिघांचा गुणाकार करा: ०.९४५० × ०.६२२९ × ०.२८६९ = ०.१६८९.

३. दोन्हींची बेरीज करा: ०.४२४८.

४. या बेरजेचा व्यस्त कोसाइन काढा: ६४.८६ अंश. पृथ्वीच्या केंद्रातून पाहिले असता दोन विमानतळांमध्ये इतका कोन होतो.

५. कोनाला १११.२ ने गुणा (या कोनाच्या एका अंशाला जमिनीवर इतके किलोमीटर भरतात): सुमारे ७,२१० किलोमीटर.

याच कोनाला ६० ने गुणले तर सागरी मैल मिळतात, सुमारे ३,८९२. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा आणि साधा मैल १.६०९ किलोमीटरचा असतो. वैमानिक पहिला वापरतात आणि प्रवासी योजना बहुधा दुसरा, त्यामुळे नुसते 'मैल' लिहिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी कोणता मैल ते पाहावे.

हीच दोन ठिकाणे सपाट कागदावर आहेत असे मानून, अक्षांश-रेखांशांतल्या फरकांना पायथागोरसचा नियम लावला तर उत्तर ८,९०० किलोमीटरच्या वर जाते. जवळजवळ १,७०० किलोमीटरची ही चूक येते, कारण रेखांशाचा एक अंश सगळीकडे सारखा रुंद नसतो. मुंबईच्या अक्षांशावर तो सुमारे १०५ किलोमीटर भरतो आणि लंडनच्या अक्षांशावर फक्त ६९.

साधारण हजार-बाराशे किलोमीटरपर्यंत मात्र सोपी पद्धत चालते, पण रेखांशातला फरक आकसून घेतल्यावरच. मुंबई–दिल्लीत अक्षांशातला फरक ९.४७ अंश आहे. त्याला १११.२ ने गुणले की १,०५३ किलोमीटर येतात. रेखांशातला फरक ४.२३ अंश आहे. त्याला १११.२ ने गुणून पुन्हा मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने, म्हणजे ०.९१५ ने गुणले की ४३० किलोमीटर येतात. दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ १,१३७ किलोमीटर येते आणि ते मोठ्या सूत्राच्या उत्तराशी जुळते.

इशारा: जवळच्या शहरांसाठी वरचे कोसाइनचे सूत्र वापरायचे झाल्यास चार दशांश स्थळांवर थांबू नका. मुंबई–गोव्यासारख्या अंतरात कोसाइनची किंमत १ च्या अगदी जवळ जाते आणि चौथ्या स्थळावर आकडा तोडण्याची सवय उत्तरात कित्येक किलोमीटरची चूक करते.

इथपर्यंतचे काम संकेतस्थळेही करून देतात आणि ती वापरण्यात काही वावगे नाही. पण यातली अनेक संकेतस्थळे विमानतळाऐवजी शहराचा मध्यबिंदू धरतात आणि अंतराखालीच उड्डाणाचा वेळही छापतात. तो वेळ पुष्कळदा अंतराला एकाच ठरलेल्या वेगाने भागून काढलेला असतो. अंतर घ्यावे, वेळ सोडून द्यावा.

## टप्पा ५: प्रत्यक्ष मार्गाची वाढ धरा

विमान सर्वांत जवळच्या रेषेवरून जात नाही. उड्डाणानंतर ठरावीक वळणे घेऊन बाहेर पडणे, नेमलेल्या हवाई मार्गांवरून जाणे आणि उतरण्यापूर्वी रांगेत येणे यांत अंतर वाढते. त्यात बंद हवाई हद्दींची भर पडते, आणि मुंबई–लंडन हे त्याचे ठळक उदाहरण आहे. वर काढलेली रेषा पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिली, तर ती बलुचिस्तान, पूर्व इराण आणि कॅस्पियन समुद्राचा दक्षिण भाग ओलांडून रशियातल्या सोचीजवळ निघते आणि मग काळा समुद्र, क्रिमिया व ओदेसाच्या बाजूने स्लोव्हाकिया-पोलंडच्या सीमेवरून जर्मनीत शिरते. युक्रेनची हवाई हद्द फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे. ब्रिटिश विमानांना रशियाचीही बंद आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपली हद्द बंद केली. म्हणजे दोरा ज्या प्रदेशांवरून गेला, त्यांतले बरेचसे वाटेतून गळतात.

म्हणून अंतरात वाढ धरावी लागते. मोकळ्या आकाशात पाच टक्क्यांच्या आसपासची वाढ पुरते. मुंबई–लंडनसाठी सहा टक्के धरले तर सुमारे ७,६५० किलोमीटर होतात, आणि वळसा मोठा असेल त्या काळात ही वाढ याहूनही जास्त धरावी. हद्दी उघडतात आणि बंद होतात, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या प्रवासातला वेळ आजचा म्हणून सांगू नये.

पडताळणी: विमानांचा थेट माग दाखवणाऱ्या फ्लाइटरडार२४ सारख्या सेवेवर त्याच क्रमांकाच्या उड्डाणाचे मागच्या काही दिवसांचे मार्ग पाहा. रेषा जिथे वाकलेली दिसते, तिथे आपली टक्केवारी बरोबर आहे की नाही ते कळते.

## टप्पा ६: वेग आणि वारा

विमान कोणते आहे, ते तिकिटावर किंवा आरक्षणाच्या पानावर दिलेले असते. लंडनला जाणारी रुंद विमाने स्थिर उंचीवर ध्वनीच्या वेगाच्या सुमारे ०.८५ पट वेगाने, म्हणजे ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतात. देशांतर्गत मार्गांवरच्या एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ साठी ताशी ८३० धरावे. पंख्याची एटीआर ७२ विमाने ताशी ५०० च्या थोडी वर जातात, म्हणून छोट्या शहरांच्या मार्गावर विमानाचा प्रकार न पाहता काढलेला वेळ हमखास चुकतो.

हा वेग भोवतालच्या हवेच्या मानाने असतो. जमिनीच्या मानाने वेग काढताना वारा धरावा लागतो. उत्तर गोलार्धाच्या मध्य अक्षांशांत उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात आणि हिवाळ्यात ते आणखी जोर धरतात. त्यामुळे लंडनला जाताना वारा समोरून येतो आणि परतताना पाठीमागून. संपूर्ण मार्गाची सरासरी म्हणून ताशी ५० किलोमीटर धरू:

जाताना: ७,६५० ÷ ८५० = ९ तास.
परतताना: ७,६५० ÷ ९५० = ८ तास ३ मिनिटे.

परतीचे विमान 'लवकर' पोहोचते त्याचे कारण हेच आहे. मुंबई–दिल्ली मार्ग मुख्यतः दक्षिणोत्तर असल्यामुळे तिथे वाऱ्याचा एवढा फरक पडत नाही.

चढताना आणि उतरताना विमान पूर्ण वेगात नसते. त्यासाठी हवेतल्या वेळेत पंधरा ते वीस मिनिटे मिळवा. मुंबईहून लंडनला जाताना हवेतला वेळ आता ९ तास २० मिनिटे झाला. दिल्लीसाठी १,१३७ मध्ये सहा टक्के मिळवून १,२०५, ते भागिले ८३०, म्हणजे ८७ मिनिटे, आणि वर अठरा मिनिटे: १ तास ४५ मिनिटे.

इशारा: आसनासमोरच्या पडद्यावर दिसणारा वेग त्या क्षणाचा असतो आणि त्यात वारा आधीच धरलेला असतो. ताशी १,०५० असा आकडा दिसला म्हणून त्याने सगळे अंतर भागू नये.

## टप्पा ७: दारापासून दारापर्यंतचा वेळ

वेळापत्रकातली सुटण्याची वेळ विमान जागेवरून हलते तेव्हाची असते आणि पोहोचण्याची वेळ ते जागेवर येऊन थांबते तेव्हाची. या दोहोंमधल्या काळाला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे आणि उतरल्यावर जागेवर येणे हे सगळे येते. मुंबई, दिल्ली आणि हीथ्रोसारख्या गर्दीच्या विमानतळांसाठी दोन्ही टोके मिळून पंचवीस ते तीस मिनिटे धरावीत. मुंबई–दिल्ली मग सव्वादोन तासांच्या आसपास येते, मुंबई–लंडन ९ तास ५० मिनिटे आणि लंडन–मुंबई ८ तास ५० मिनिटांच्या जरा पुढे.

पडताळणी: आपला आकडा वेळापत्रकातल्या कालावधीशी ताडून पाहा. लांबच्या उड्डाणात वीस-पंचवीस मिनिटांचा फरक चालतो, कारण कंपन्या उशिरासाठी थोडी सवड राखून ठेवतात. फरक तासाभराचा असेल तर बहुधा टप्पा ५ मधली वाढ कमी पडली आहे, नाही तर वाऱ्याची दिशा उलटी धरली गेली आहे.

## टप्पा ८: घड्याळे जुळवा

तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या स्थानिक वेळा असतात. समजा, तिकिटावर मुंबई १३:१५ आणि लंडन १८:३० असे छापले आहे आणि तारीख जून महिन्यातली आहे. नुसती वजाबाकी केली तर सव्वापाच तास येतात. उन्हाळ्यात लंडन भारताच्या साडेचार तास मागे असते, म्हणून तिथले १८:३० म्हणजे आपले २३:०० आणि खरा प्रवास पावणेदहा तासांचा. डिसेंबरमध्ये हाच फरक साडेपाच तासांचा होतो.

ब्रिटनमध्ये घड्याळे मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे केली जातात. अमेरिकेत हे मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होते, त्यामुळे मार्चमधल्या काही दिवसांत न्यूयॉर्कचे घड्याळ बदललेले असते आणि लंडनचे नसते. न्यू जर्सीतल्या मुलांकडे लंडनमार्गे निघालेल्या आई-वडिलांचे वेळापत्रक समजावून सांगताना याच दिवसांत गोंधळ होतो. न्यूयॉर्कशी आपला फरक हिवाळ्यात साडेदहा तास आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास असतो. दुबईशी तो वर्षभर दीड तासच राहतो.

चूक टाळण्याचा सरळ मार्ग असा, की आधी दोन्ही वेळा भारतीय वेळेत लिहाव्यात आणि मगच वजा कराव्यात. पोहोचण्याच्या वेळेशेजारी '+१' असे चिन्ह असेल तर ती दुसऱ्या दिवसाची वेळ आहे. मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या विमानाची तारीखही अशीच फसवते. १५ तारखेला ००:४० ला सुटणाऱ्या विमानासाठी १४ तारखेच्या रात्रीच घरून निघावे लागते.

## टप्पा ९: मध्ये थांबा असेल तर

'डायरेक्ट' लिहिलेले विमान कुठेही न थांबणारेच असते असे नाही. उड्डाण क्रमांक तोच ठेवून ते मध्ये उतरू शकते. आरक्षण करताना 'नॉन-स्टॉप' हा शब्द किंवा थांब्यांचा आकडा शून्य आहे का, ते पाहा. थांबा असल्यास प्रत्येक तुकड्यासाठी टप्पा २ पासून ८ पर्यंतचा हिशेब वेगळा करून बेरीज करावी. संपूर्ण प्रवासाचे सरळ अंतर घेऊन त्यात थांब्याचे तास मिळवू नयेत.

दुबईमार्गे लंडनला जाताना मुंबई–दुबई सुमारे १,९३० आणि दुबई–हीथ्रो सुमारे ५,५०० किलोमीटर भरते. बेरीज सरळ अंतराहून दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरनेच जास्त आहे. तरीही प्रवास कित्येक तासांनी लांबतो, कारण चढण्या-उतरण्याची आणि धावपट्टीवरची मिनिटे दोनदा मोजावी लागतात आणि त्यावर थांब्याचा वेळ येतो. थांब्याचा वेळ पहिले विमान जागेवर थांबण्यापासून दुसरे विमान हलेपर्यंत मोजतात, पण दुसऱ्या विमानाचे दार त्याआधीच बंद होते. दोन वेगवेगळी तिकिटे काढली असतील तर सामान पुन्हा ताब्यात घेऊन नव्याने जमा करावे लागू शकते आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. छापलेल्या थांब्यातून हा सगळा वेळ वजा केल्यावर जे उरते, तेच हातात आहे असे समजावे.

विमान कंपन्यांची वेळापत्रके वर्षातून दोनदा, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात बदलतात. तिकीट बदलाच्या आधी काढले असेल आणि प्रवास बदलानंतरचा असेल, तर निघण्याच्या आठवडाभर आधी टप्पा ७ आणि ८ पुन्हा करावेत. पहिले चार टप्पे पुन्हा करण्याची गरज नाही.